कुठला जॅक घेऊ, मामा?

प्रिय भिंगरी,

तुझं पाकीट मंगळवारी मिळालं. जनावरांची डॉक्टर झालीस, पण अक्षर थेट माणसांच्या डॉक्टरांसारखं. दोन शब्द तर मी अजून लावतोच आहे. गाडीचा फोटो भिंग घेऊन पाहिला, हल्ली नुसत्या चष्म्यानं भागत नाही. गाडी चांगली आहे. उंच आहे, चारही चाकांना ओढ आहे, मागच्या स्प्रिंगचे पाटे जाड आहेत आणि टायरची नक्षी अजून झिजलेली नाही. तुझे ते कंपाउंडरकाका बॉनेटला टेकून असे उभे आहेत, जणू गाडी त्यांच्याच पोटी जन्माला आली. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या माणसाला फिरत्या दवाखान्याबरोबर असल्या खडकाळ वाटेवर पाठवतात म्हणजे कमालच आहे. पण बरं झालं, अशा माणसांना घाई नसते. तुला सांभाळून घेतील.

तू लिहिलंस की गाडीबरोबर आलेला जॅक खेळण्यासारखा वाटतो, ऑफिस दुसरा घ्यायला तयार आहे, आणि यादीतल्या तीन जॅकना गोल करून पाठवतेय. फोनवर चार वाक्यांत उत्तर मागितलं होतंस. मी लिहायला बसलो, तर बघ किती कागद घेऊन बसलोय.

आधी तुझ्या कामाचं सांगतो. गाडीबरोबर आलेला कैची जॅक डांबरी रस्त्यासाठी असतो. तुझ्या गाडीला तो पुरायचा नाही, कारण ती उंच आहे आणि तिचे पाटे लांब झोका घेतात. चेसीखाली जॅक लावून गाडी वीतभर उचललीस तरी पाटे सैल होत जातात आणि चाक जिथल्या तिथं लोंबत राहतं. माणसाला वाटतं अजून थोडं, अजून थोडं, आणि बघता बघता सगळी गाडी हवेत जाते. म्हणून खडकाळ वाटेवर जॅक चेसीला लावूच नकोस. चाकाजवळ, थेट अ‍ॅक्सलखाली लाव. मग जेवढा जॅक चढेल तेवढंच चाक सुटेल आणि गाडी आपल्या जागी राहील. यादीतला तो धुरावर फुगणारा फुगा वाळूत आणि चिखलात बरा. तुझ्या वाटेवरच्या दगडांना धार आहे, तिथं तो दुसऱ्या खेपेलाच फाटेल. तू घे बाटली जॅक. बुटका, दोन टप्प्यांत चढणारा. बुटका अशासाठी, की टायर बसला की अ‍ॅक्सल जमिनीला टेकायला येतो आणि उंच बाटली आत शिरतच नाही. गाडी औषधांनी भरलेली असताना जेवढं वजन भरतं, तेवढं सगळं एकट्यानं पेलणारा घे. वर लिहिलेल्या आकड्यावर मी आयुष्यभर निम्माच विश्वास ठेवला. त्याच्याखाली ठेवायला जाड फळी घे, हातभर लांब, हातभर रुंद. आणि दोन लाकडी ठोकळे. फळी विसरलीस तर जॅक घरीच ठेवलास असं समज.

राहिला तिसरा, ज्याला तू दोन वेळा गोल केलंस आणि बाजूला लिहिलंस की मला हाच आवडलाय. भोकाभोकांची उंच पट्टी आणि लांब दांडा असलेला. आवडणारच. दिसायला रुबाबदार असतो, गाडीच्या मागे उभा लावला की गाडीलाही रुबाब येतो. कंबरेत वाकावं लागत नाही, गाडीखाली हात घालावा लागत नाही, बंपरला अडकवा आणि दांडा हाणा. आमच्या वर्कशॉपात त्याला सगळे बगळा म्हणायचे, कारण तो एका पायावर उभा असतो. चिखलात रुतलेली गाडी ओढायला, वाकलेला बंपर सरळ करायला तो कामाचा आहे. ज्याला त्याची खोड ठाऊक आहे, त्याच्या हातात शोभतो. पण त्याचा पाय तळहाताएवढा. त्यावर गाडीचा मागचा सगळा भार येतो आणि गाडी बाजूला कलली की तो अडवत नाही, तिच्याबरोबर कलतो. मलाही तोच आवडला होता. आमच्या टॉवरच्या गाडीत तो मीच आणला.

आता ज्या गाडीबद्दल लिहितोय, ती तुला आठवत असेल. मातकट हिरवी, पुढची काच डावीकडे तडकलेली. तू सहा वर्षांची होतीस. रविवारी तुझे बाबा, माझे भावजी, ती दारात उभी करून धुवायचे आणि तू बादलीत फडका बुडवून फक्त दिवे पुसायचीस. डोंगरावरचे मोबाइलचे सात टॉवर आमच्याकडे होते. बॅटऱ्या न्यायच्या, जुन्या आणायच्या, जनरेटर बघायचा. भावजी गाडी चालवायचे, मी मेकॅनिक. त्यांनीच मला त्या कंपनीत चिकटवलं होतं. आधीच्या दोन ठिकाणांहून मला घालवलं होतं, कारण हात चांगला पण कामाचा आळस, असं माझ्याबद्दल बोललं जायचं. ताईनं त्यांना गळ घातली, त्यांनी साहेबांकडे शब्द टाकला.

पुढं काय झालं, ते तुला घरात सांगितलं गेलं तसं ठाऊक आहे. वाटेत टायर गेला, गाडी जॅकवर होती, मामा नको नको म्हणत असताना बाबा खाली शिरले आणि जॅक सरकला. ताईनं हे कधी रडत सांगितलं नाही. ती रागानं सांगायची. शेजारणी सांत्वनाला आल्या तेव्हा ती म्हणाली होती की ज्याला घरी पोर आहे तो माणूस असं करतो का. त्यांचा फोटो तिनं वर्षभरात कपाटात ठेवला, साड्यांच्या खाली. तू झाडावर चढलीस, सायकल उतारावर सोडलीस, परीक्षेला निघताना पेन विसरलीस, की तिच्या तोंडून एकच यायचं, बापाचीच लेक. इतर घरांत हे कौतुकानं म्हणतात. तुमच्या घरात ती शिवी होती. मी तिथंच बसलेला असायचो, भिंगरी. तुझ्या फीची पावती हातात घेऊन, चहा पीत.

खरं असं झालं.

गाडीत जुना बाटली जॅक होता, चांगला दणकट. त्याचं सील गेलं होतं. चढवला की हळूहळू तेल सोडायचा आणि बसायचा. भावजींनी गाडीच्या वहीत लिहिलं. पंधरा दिवसांनी पुन्हा लिहिलं. मी तो जॅक काढून वर्कशॉपच्या फळीवर ठेवला आणि त्याच्या जागी बगळा टाकला. सील बसवायला अर्धा तास लागला असता. मी म्हणायचो उद्या करतो. भावजींना बगळा आवडत नव्हता. ते म्हणायचे, हा आपल्या वाटेचा नाही. निदान त्याच्याखाली ठेवायला त्यांनी एक फळी कापून आणली, तिला तेल पाजलं, दोरीचं कडं लावलं. त्या दिवशी ती फळीसुद्धा गाडीत नव्हती. आदल्या दिवशी मी ती वर्कबेंचच्या डुगडुगत्या पायाखाली सारली होती आणि परत ठेवायची राहून गेली होती.

सकाळचे अकरा वाजले असतील. ऊन चढलेलं. पाचव्या टॉवरच्या अलीकडे कोरडा ओढा लागतो, तो ओलांडून वर चढताना उजवीकडच्या मागच्या टायरची बाजू दगडानं चिरली. जमीन म्हणजे सुटी खडी, पाऊल टाकलं तरी खचणारी. मागं चाळीस बॅटऱ्या होत्या. टॉवर आदल्या दिवसापासून बंद होता आणि ऑफिसातून सारखी विचारणा चालली होती, तीही माझ्याकडे. भावजींनी आधी पुढच्या चाकांना दगड लावले. मग फळी शोधली. मी सांगितलं, फळी राहिली.  ते म्हणाले, की मग आधी बॅटऱ्या उतरवू या. दोघांना तासाभराचं काम. मला उशीर होत होता. मी म्हणालो, बगळा पेलतो की. तुझे बाबा म्हणाले, बघ बाबा, मेकॅनिक तू.

भिंगरी, ते मला मेकॅनिक मानत होते. माझ्या शब्दावर त्यांनी मान डोलावली.

बंपरला बगळा लावून मी गाडी उचलली. चाक निघालं. भावजींची एक सवय होती, काढलेलं चाक ते लगेच चेसीखाली आडवं सरकवायचे. जॅक सुटलाच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही. ते दुसरं चाक, म्हणजे स्टेपनी, मोकळं करायला गेले होते, तेवढ्यात मी निघालेलं चाक उचलून वर हौद्यात टाकलं, कारण ते माझ्या पायात येत होतं. दुसरं चाक बसेना, दोन बोटं कमी पडत होती. मी दांडा आणखी हाणला. गाडी आणखी वर गेली. चाक चढवायच्या आधीच माझ्या हातून एक नट निसटला आणि घरंगळत अ‍ॅक्सलच्या पलीकडे गेला.

भावजी वाकले. आत बघितलं, मग मागं बघितलं आणि विचारलं, चाक कुठंय? मी म्हणालो, वर टाकलं. ते उठून हौद्याकडे निघाले. चाक परत खाली घ्यायला. मी म्हणालो, "राहू दे हो, नट घ्या नुसता. दोन सेकंदांचं काम आहे."

ते थांबले. घड्याळाकडे त्यांनी बघितलं का माझ्याकडे, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. मग गुडघ्यावर बसले, आडवे झाले आणि खांदा आत घातला. बगळ्याचा पाय खडीत खचला. आवाज फार झाला नाही.

ते लगेच गेले नाहीत. हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण मी सगळ्यांना सांगितलं की एक हाक मारली आणि संपलं. त्यांच्या छातीवर गाडी होती, पण बोलू शकत होते, हळू, तुकड्यातुकड्यानं. मी बगळा पुन्हा लावला आणि वेड्यासारखा दांडा हाणू लागलो. गाडी उचलायच्या ऐवजी बगळा जमिनीत जात होता. गाडी हलली. तेव्हा ते म्हणाले, "पुढचा दगड बघ. गाडी तुझ्यावर येईल." दगड खरंच सुटला होता. मी तो परत ठोकला. एवढंच बोलले ते. त्या हाकेत तुझं आणि ताईचं नाव होतं असं मी ताईला सांगितलं होतं, तेही खोटं आहे. त्यांनी शेवटी माझी काळजी केली.

मग मी बॅटऱ्या उतरवल्या. सगळ्या चाळीस, एकट्यानं. ज्या कामाला तासभर लागेल म्हणून मी नको म्हटलं होतं, ते किती वेळात केलं कुणास ठाऊक. रिकाम्या झालेल्या गाडीखाली दोन बॅटऱ्या आडव्या घालून त्यावर बगळ्याचा पाय ठेवला, आणि गाडी अलगद उचलली गेली. ती आधीच तशी उचलता आली असती. भावजी तोपर्यंत गेले होते.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे एक अधिकारी आले. सभ्य माणूस, बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. त्यांनी विचारलं, तुम्ही त्यांना अडवलं नाही का? भिंगरी, मी खोटं बोलायचं ठरवून गेलो नव्हतो. पण त्या प्रश्नातच मला उत्तर दिसलं. मी म्हणालो, अडवलं. ऐकलं नाही. मग पुढचं सगळं आपोआप आलं. साहेब, ते कुणाचंच ऐकायचे नाहीत. साहेब, घाई त्यांनाच होती. त्यांनी ते लिहून घेतलं आणि मी सही केली. गाडीच्या वहीतलं पान मी त्याआधीच फाडून खिशात घातलं होतं. कंपनीनं मयताचा स्वतःचा निष्काळजीपणा असं लिहून हात वर केले. ताईला जे हक्कानं मिळायला हवं होतं ते मिळालं नाही, म्हणून तिनं शिवणयंत्र घेतलं आणि शाळेच्या गणवेशांचं काम धरलं. तिची पाठ कशानं वाकली, ते तूच तिच्या एक्स-रेत पाहिलंस.

त्यानंतर मी तुमचं केलं, असं सगळे म्हणतात. फी भरली, पावसाळ्यात छत दुरुस्त केलं, तुला गाडी शिकवली. तू बारावीत निबंधात मला देवमाणूस लिहिलं होतंस आणि तो ताईनं मला मोठ्यानं वाचून दाखवला. मी त्या रात्री जेवलो नाही. त्यापलीकडे काहीच केलं नाही. एकोणीस वर्षांत खरं सांगायला मला एकदाही तेवढा धीर झाला नाही, जेवढा भावजींनी आडवं होताना केला.

गेल्या गुरुवारी, तुझं पाकीट आल्याच्या दोन दिवसांनी, मी ताईकडे गेलो. ती कॉलर लावत बसली होती. मी वहीतलं ते पान तिच्यासमोर यंत्रावर ठेवलं. इतकी वर्षं ते माझ्या हत्यारांच्या खणात, तळाच्या कागदाखाली होतं. फेकायची हिंमत झाली नाही, दाखवायचीही नाही. तिनं आधी अक्षर ओळखलं. त्यात भावजींनी दोनदा लिहिलंय, जॅक उतरतो आहे, दुरुस्त करून मिळावा, सोबत माणसं असतात. ती ते बराच वेळ वाचत राहिली. मग मी सगळं सांगितलं, तुला सांगितलं तसंच, चाकाचं आणि नटाचंही.  मला वाटलं होतं ती ओरडेल, हातातली कात्री फेकेल. ती उठली, कपाट उघडलं, साड्या बाजूला केल्या, फोटो काढला आणि पदरानं पुसला. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "एकोणीस वर्षं मी या माणसाशी भांडत होते."  मी निघालो तेव्हा दारात येऊन म्हणाली, की पोरीला तू सांगायचंस, मी सांगणार नाही, आणि ती काय म्हणते ते कळेपर्यंत इकडे यायचं नाही. आम्ही दोघं एका ताटात जेवून वाढलो. तिनं दार लावलं तेव्हा कडीचा आवाज मी जिन्यावर उभा राहून ऐकला.

कंपनीलाही लिहिलंय, सही करून, तारीख घालून. ते अधिकारी आता नाहीत. पत्राची पोच आली आहे, पुढं काय करतील ते त्यांच्या हातात. मला त्यातून काही सुटका नको आहे. नोंद दुरुस्त झाली पाहिजे.

आता तूही विचारशील, की इतकी वर्षं गप्प बसलेला मामा आजच का बोलला. तब्येतीचं काही नाही, मी ठणठणीत आहे. जॅकचं उत्तर तर फोनवर देता आलं असतं. तुझ्या पत्रात सगळ्यात खाली, सहीच्याही नंतर, तू एक ओळ घातली आहेस. कदाचित मला धीर द्यायला घातली असशील, कारण मी तुझ्या या नोकरीला घाबरतो हे तुला ठाऊक आहे. तू लिहिलंस, काळजी करू नकोस मामा, मी बाबांसारखी वागणार नाही. ती ओळ वाचून मी उठून मोरीत गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. तू सोमवारी त्या वाटेला लागणार, कधीतरी टायर जाणारच, कंपाउंडरकाका किंवा दुसरं कुणी घाई करणार, आणि तू मनात म्हणणार की मी बाबांसारखी नाही. म्हणून हे लिहिलं. तुझे बाबा आधी चाकांना दगड लावायचे. ओझं उतरवायचे. फळी कापून, तेल पाजून जवळ ठेवायचे. काढलेलं चाक गाडीखाली सरकवल्याशिवाय खाली वाकायचे नाहीत. एकदाच त्यांनी दुसऱ्याचं ऐकलं, आणि तो दुसरा मी होतो. माझं तू काय करायचं ते तू ठरव, उत्तर पाठवलं नाहीस तरी मला कळेल. पण त्या वाटेवर तू बाबांसारखीच वाग, भिंगरी. अगदी त्यांच्यासारखी.

तू म्हणू देशील तोवर तुझाच,
मामा